डावा अंगठा

ही घटना मी आजवर सांगायची टाळत आलो. नोकरीतले किस्से ऐकायला कोणी आलं की चोऱ्या आणि दरोडे सांगायचे, या घटनेपाशी आलो की विषय बदलायचा. आता वय झालं. कागदावर मी जे लिहिलं ते खरं नव्हतं, एवढं तरी नोंदवून ठेवतो. नावं देत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवर, जंगलाला लागून असलेल्या एका छोट्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. मोहफुलं वेचायचे दिवस होते, मोहाखाली अस्वलंही येतात. सकाळी ग्रामीण रुग्णालयातून कळवलं की अस्वलाच्या हल्ल्यातला जखमी आणला आहे. तिशीतला माणूस, बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणून जगणारा. त्याची बायको दारात बसली होती. विचारलं की एकच सांगायची, "अस्वलानं फाडलं जी."

दुपारी वनरक्षक ठाण्यात आला. त्याची उभी नोकरी जंगलात गेलेली. खुर्चीवर न बसताच म्हणाला, "साहेब, हे अस्वल नाई. अस्वल पयले तोंडावर येते. याच्या तोंडावर ओरखडा नाई, फक्त डाव्या हातावर घाव हाये. मी अस्वलाचा पंचनामा करून नाई देत. तुम्ही पाहा."

मी गावात चौकशी केली. आठवड्यापूर्वी एका लग्नात त्याचं साल्याशी वाजलं होतं. मला तेवढं पुरे होतं. साल्याला आणून बाकावर बसवला. अटक दाखवायची नाही, 'चौकशीकामी बोलावले' असं लिहायचं आणि बसवून ठेवायचं, ही तेव्हाची आमची सवय.

"काऊन मारलं त्याले?"

"साहेब, घरी कोंबडी कापाची असली तं मी बाहेर जातो. बायकोले विचारा. थेच कापते."

शिपाई हसले. मला राग आला. त्याला दुसऱ्या दिवशीही सोडला नाही.

त्याच दिवशी मी वॉर्डात गेलो. टोपलीवाला भिंतीकडे तोंड करून पडला होता. हात खांद्यापर्यंत बांधलेला, बँडेजमधून फक्त बोटांची टोकं बाहेर. मी तासभर विचारत राहिलो. साल्याला वाचवून राहिलास का? कोणाला भितोस? शेवटी मीच फिर्याद लिहून काढली, साल्याचं नाव घालून, आणि वाचून दाखवली. तो मान हलवत होता. ती हो म्हणून हलत होती की दुखण्यानं, ते मी पाहिलं नाही. त्याला सही येत नव्हती. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायची पद्धत. उजवा घेऊन तशी नोंद करता येते, हे मला माहीत होतं. तरी मी शाईचा पॅड उघडला आणि त्याचा डावा अंगठा धरला.

तो जो ओरडला, तसं माणसाचं ओरडणं मी त्यानंतर ऐकलं नाही. सिस्टर धावत आल्या. "साहेब, सोडा तो हात! आतल्या नसा तुटल्या आहेत त्याच्या!"

श्वास जरा थाऱ्यावर आल्यावर तो म्हणाला, "मीच केलं, साहेब. त्याले सोडा."

मी पॅड मिटला. "मरायचं होतं?"

"मालूम नाई. डोक्यात लई दिसांपासून गलका होता. थो थांबल, असं वाटलं."

"मग थांबला का?"

"नाई जी. आता दोन झाले. गलका हाये, अन् हात बी हाये."

ठाण्यात परत आलो आणि फिर्यादीचा छापील कागद पुढे घेऊन बसलो. फिर्यादीच्या रकान्यात त्याचं नाव, आरोपीच्या रकान्यातही त्याचंच. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावरच गुन्हा नोंदवता येत होता. साल्याला मी दोन दिवस विनाकारण बसवला होता, तेही उघड झालं असतं. मी कागद फाडला. साल्याला सोडलं. डायरीत लिहिलं, 'बांबू तासताना अपघाताने दुखापत.' बायकोलाही हेच सांगायला लावलं.

हे मी त्याला वाचवायला केलं की स्वतःला, हे मी अनेकदा ताडून पाहिलं. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

निवृत्तीनंतर एकदा त्याच्या गावी गेलो. माफी मागायची, असं ठरवूनच गेलो होतो. तो अंगणात बसला होता. डाव्या हाताची बोटं तळव्यात वळून तशीच राहिलेली. बायको बांबूच्या काड्या धरत होती, तो एका हातानं ओवत होता.

"सूप बनवाले चार दिस लागते आता," तो म्हणाला. "अन् ही म्हणते, तुमच्यापेक्षा मी लवकर शिकली."

"शिकलीच," बायको म्हणाली. "पोट बसू देते काय?"

बोटांना स्पर्श कळत नाही, म्हणून एकदा तव्यावर टेकून भाजली होती, तो डाग त्यानं दाखवला. "पण थंडीत मात्र खांद्यापर्यंत ठणकते, साहेब. काही समजत नाई तरी दुखते. हे कसं?"

मी डोक्यातल्या गलक्याचं विचारलं. मधल्या काळात तो गलका दोनदा परत उठला होता. पुढे गावातल्या आशा सेविकेनं त्याला जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू आहेत, महिन्याला जातो, आता झोप लागते.

"पयलेच कोणी नेलं असतं तं बरं झालं असतं," तो म्हणाला. "पण तवा कोणाले मालूमच नव्हतं नं."

मला माहीत होतं. डायरीत मी खरं लिहिलं असतं, निदान डॉक्टरांच्या कानावर घातलं असतं, तर त्यांनी त्याला तेव्हाच पुढे पाठवला असता. मी मात्र सगळ्यांना अपघात सांगितला.

बायकोनं चहाचा कप पुढे केला.

"साहेब, इकडे कसं येणं केलं?" त्यानं विचारलं.

"लग्नाला आलो होतो," मी म्हणालो. "म्हटलं, भेटून जावं."

त्यानं उजव्या हातानं आपला डावा हात उचलला, दोन्ही कसेबसे जोडले आणि मला नमस्कार केला. मी चहा प्यालो आणि निघालो.