गुडघे मोजून परत आण

गुडघा मोडल्याचा आवाज मी मांडवाखालच्या बाकावरून ऐकला. सुका बोंबील मोडावा तसा. पळत आलेली पोरगी घसरत येऊन आमच्या कॅचरच्या आडव्या टाकलेल्या पायावर आदळली, धुरळा उडाला आणि त्या धुरळ्यातून हिचा हात वर आला. हातात बॉल. पाय भलतीकडे वळलेला, आणि ही पंचाला विचारते, "आऊट आहे ना?" पंचाने आऊट दिलं, मग ही ओरडली. आधी नाही.

तिच्याइतकी हट्टी बाई आमच्या कोळीवाड्यात दुसरी झाली नाही, आणि हट्टी नसलेली बाई आमच्याकडे शोधून सापडत नाही. माझ्या समोरच्या घरातली ती. तिच्या आईला मॅच बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी जायची. मला त्या सॉफ्टबॉलमधलं एवढंच कळतं: बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून बॉल झेलते ती कॅचर, म्हणजे ही. तिच्यासमोर जमिनीवर एक पांढरा पाट असतो. दुसऱ्या बाजूची पोरगी धावत त्या पाटावर पोचली की रन. कॅचरने त्याआधी बॉल हातात घेऊन तिला शिवायचं. ही नुसती शिवायची नाही, पाय आडवा टाकून वाटच अडवायची. "मावशी, पाट सोडायचा नसतो," म्हणायची. राज्याकडून खेळली, देशाच्या शिबिराचं बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात तो बोंबील मोडला.

डॉक्टरने सांगितलं, जन्मात उकिडवं बसायचं नाही. सहा महिने ही भिंतीकडे तोंड करून पडली. शेवटी जवळच्या शाळेच्या बाई येऊन म्हणाल्या, आमच्या मुलींना शिकवा. ही म्हणाली, "एक दिवस बघून येते." तो एक दिवस अजून संपलेला नाही.

तिच्या खोडी सांगायच्या तर माझे मासे नासतील. बाजारात येते ती तोंडाने बोलत नाही, कॅचर खुणा करते तशी मांडीजवळ बोटं दाखवते. एक बोट म्हणजे पापलेट, दोन म्हणजे सुरमई, मूठ म्हणजे कालचं नको. मी म्हणते, "तोंड बोंबलाला दिलंस काय गो?" तर ही हसत तीन बोटं दाखवते. तीन म्हणजे काय ते मला अजून सांगितलेलं नाही. घराची किल्ली द्यायची तर हातात देणार नाही, गल्लीच्या त्या टोकावरून फेकणार. माझा चष्मा असाच गेला.

पण खरी कमाल पुढेच. मुलींना कॅचरचं बसणं शिकवायचं, आणि हिला बसता येत नाही. इमारतीतल्या पोरी, दोन मिनिटांत मागे कलंडायच्या. मग एका सकाळी आठ पोरी घेऊन ही बाजारात माझ्यासमोर उभी. "मावशी, बसून दाखव." मी विळी पायाखाली दाबून पन्नास वर्षं बसते आहे, मला काय दाखवायचं? "टाच बघा गं, टाच!" ही काठीने माझ्या पायाकडे दाखवत ओरडते, आणि आठ पोरी माझ्या ओळीत उकिडव्या. एका गिऱ्हाइकाने त्यातल्या एकीला बांगड्याचा भाव विचारला. तिने सांगितला. गिऱ्हाईक घेऊनही गेलं.

तासाभराने आठही पोरी लोळत होत्या. नववी, रोज माझ्या शेजारी बसणारी, तशीच बसलेली, बर्फ फोडत. ती माझी नात. ही म्हणाली, "हिला मी नेते." मी म्हटलं, "ने. पण गुडघे मोजून परत आण."

नात हिच्यासारखीच झाली. पाय आडवा टाकायची. मी भांडले, "तो पाय तुझा मोडला, आता तिचा मोडतेस?" ही म्हणाली, "पाट सोडला की मॅच जाते, मावशी." आठ दिवस मी हिला मासे दिले नाहीत.

मग बोरिवलीच्या मैदानावर शाळांच्या स्पर्धेतली शेवटची मॅच आली. मी बाकावर हिच्या शेजारी, हिचा शर्ट मागून धरून. रेषा ओलांडून ही आत धावते म्हणून पंचाने आधीच दम दिला होता. शेवटी एका रनाचा प्रश्न. समोरची धिप्पाड पोरगी पाटाकडे सुटली. बॉल नातीच्या हातात आला. तिने पाय आडवा टाकला.

माझ्या मुठीतून शर्ट सुटला.

"पाय काढ!" ही ओरडली. "सोड पाट! सोड!"

नातीने पाय काढला. हात पुढे नेला, पण उशीर झाला. रन झाला, मॅच गेली. पोरी रडल्या. कुणाचा तरी बाप येऊन म्हणाला, "बाई, तुम्हीच घालवलीत." हिने बॉल गोळा करून थैलीत भरले, एकेक पुसून.

घरी निघताना ही रिक्षाजवळ थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, मोजून घे."

मी वाकून नातीचे गुडघे चाचपले. एक खरचटलेला, पण दोन्ही होते. वर बघितलं तर ही मांडीजवळ तीन बोटं धरून उभी. या वेळी मला विचारावं लागलं नाही.

मागच्या वेळी हिला चौघांनी उचलून आणली होती. या वेळी दोघी कॅचर गल्लीतून चालत घरी आल्या. एक लंगडत.