गमरेकाका आणि पुसाई

गमरेकाकांना देव मान्य नव्हता, आणि त्यांनी एक देवी तयार केली होती. तिचं नाव पुसाई. तिला देऊळ नव्हतं, नवस नव्हता, जत्रा नव्हती. आठवडाभर ती काकांच्या कॉटखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली असायची आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपली की ओट्यावर यायची. पुसाई ही एका खेळातली देवी होती.

मी लग्न होऊन वाशीला आले तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. नवी बैठी घरं, दोन-दोन खोल्यांची. समोर उघडं मैदान, त्यापलीकडे खाडी. दिवसभर कुठे ना कुठे पाया खणत असायचे आणि संध्याकाळी ओहोटीचा वास घरात यायचा. सातारच्या बाजूला सगळा जन्म गेलेला. इथे मला कोणी ओळखीचं नव्हतं. नवरा तुर्भ्याला रसायनांच्या एका कारखान्यात फिटर. त्याची शिफ्ट सुरू झाली की मी उंबऱ्यात बसून राहायचे. अशाच एका रविवारी शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "बाय, तुला सोंगटी कंच्या रंगाची पायजे?"

नाव नाही, गाव नाही, थेट रंगच विचारला. मी गोंधळून "पिवळी" म्हणाले. "ये मग. पिवळी मोकळीच हाय," असं म्हणून त्यांनी बाटलीचं पिवळं बूच माझ्या तळहातावर ठेवलं. ती आमची ओळख.

काका चिपळूणकडचे, बौद्ध, तेव्हा पन्नाशीला आलेले. माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात पेंटर. पाइप, टाक्या, सूचनांचे फलक, सगळं त्यांच्या हातचं. बोटांच्या पेरांत रंग कायमचा बसला होता, पण शर्ट पांढराशुभ्र. खेळाचा पट त्यांनी एका मोडीत काढलेल्या पत्र्यावर रंगवला होता. पाठीमागे अजून 'धूम्रपान मनाई' वाचता यायचं. पुढच्या बाजूला खाडीसारखी वळणं घेत गेलेली चौसष्ट घरं, आणि शेवटच्या घरात एक धक्का. धक्क्यावर पुसाई उकिडवी बसलेली. अंगावर दागिना नाही, हातात शस्त्र नाही. एक हात गुडघ्यावर, दुसरा पुढे पसरलेला, आणि चेहऱ्यावर राग नाही की हसू नाही.

खेळ सोपा होता. सोंगट्या म्हणजे मेलेल्या माणसांचे जीव. फोडलेले चिंचोके टाकायचे आणि दान पडेल तशी घरं चालायची. वाटेत दुसऱ्या जीवाच्या घरात पोचलात, तर दोन रस्ते. एक तर आपलं एक दान सोडून त्याच्या मागे थांबायचं, नाहीतर त्याला सहा घरं मागे ढकलून पुढे जायचं. ढकललंत तर एक खडा आपल्या पुढ्यात घ्यायचा. असं करत धक्क्यावर पोचलं की पुसाई विचारायची, "हा खडा कोणाचा?" आणि पलीकडे नेणाऱ्या होडीत खडा चालत नव्हता.

"मग खडा टाकायचा कुठे?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ज्याला ढकललंस त्याच्याकडे परत जायचं. त्याने घेतला तर सुटलीस. नाय घेतला तर बस धक्क्यावर."

"आणि पुसाईने माफ केलं तर?"

काका हसले. "तिला माफ करायचा अधिकारच नाय. नुकसान झालं दुसऱ्याचं, आणि माफ करणार ही कोण? ती फक्त पुसते. दोनी अर्थांनी. आधी विचारते, आणि समोरच्याने खडा घेतला की मग पाटी पुसते."

पहिल्या डावात मी त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, दोनदा मागे ढकललं होतं. धक्क्यावरून परत आले तर काकूंनी एक खडा घेतला आणि दुसरा घेईनात. "पहिल्यांदा चुकून ढकललंस. दुसऱ्यांदा हसत ढकललंस," म्हणाल्या. मी अर्धा तास तशीच बसून. खेळातही इतकी लाज वाटू शकते हे मला तेव्हा कळलं.

तळवलीहून मासळी घेऊन येणारी हिराबाई टोपली खाली ठेवून हा डाव बघत असे. पुसाई आपल्यावरूनच काढली आहे अशी तिची खात्री होती. "गमरेदादा, तुजी देवी बरी हाय," ती म्हणायची. "आमचे देवीला कोंबरा लागतं, हिला नुसतं खरं बोलनं लागतं. पन कोंबरा सवस्त परतं रं!" काका खळखळून हसायचे. मग एकदा ती म्हणाली, "आमची शेतं गेली, त्यांवर तुमची घरं झाली. आमचा खरा कोन घेनार?" तिच्या बोलीत 'खडा'चा 'खरा' व्हायचा. त्यावर काका हसले नाहीत. त्यांनी पटावरची आपली सोंगटी उचलून पहिल्या घरात ठेवली आणि म्हणाले, "मी घेतो, हिराबाय. माजं घर तुज्या शेतात हाय." उत्तर म्हणून ते काही फार मोठं नव्हतं, पण हिराबाई त्या दिवशी दोन बांगडे जास्त टाकून गेली.

माझ्या नवऱ्याला वाद घालायची हौस. तो विचारायचा, "काका, तुम्ही देव मानत नाही, आत्मा मानत नाही, आणि जीवांचा न्याय करणारी देवी काढता. हे कसं?"

"माणसाने विचारलं की मी उत्तर बनवतो," काका म्हणायचे. "साहेबाने विचारलं, बायकोने विचारलं, लगेच बनवतो. पण हिला तर मीच बनवली. हिच्यापुढे आता काय बनवणार?"

आम्हाला ते वाक्य गमतीचं वाटायचं.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी डाव रंगात असताना नवरा सहज म्हणाला, "अरे हो, काल उस्मान भेटला. आपल्याकडे फिटर होता तो. न्हावा शेव्याला बंदराचं काम चाललंय ना, तिथे वॉचमन लागलाय. एका हाताने फाटक उघडतो बिचारा."

काका तेव्हा सगळ्यांच्या पुढे होते. पुढ्यात एकही खडा नाही. हातातले चिंचोके त्यांनी पटावर टाकले नाहीत, खाली ठेवले आणि घरात गेले. आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. मग काकूंनी पट उचलला.

सोमवारी काका कामावर गेले नाहीत. संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे सुजलेले. काका खालच्या मानेने सांगू लागले.

कारखान्यात पाण्याच्या पाइपला हिरवा रंग आणि आम्लाच्या पाइपला नारिंगी. सात वर्षांपूर्वी अंगात ताप असताना काका शिडीवर चढले होते. दोन पाइप शेजारी-शेजारी. हिरवा रंग मारता मारता आम्लाच्या पाइपवर हातभर पट्टा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी उस्मानने हिरवा रंग बघून तिथला व्हॉल्व्ह खोलला. डावा हात कोपरापर्यंत जळाला आणि कायमचा लुळा पडला.

"त्याला हॉस्पिटलात नेला," काका म्हणाले. "चौकशीवाले सकाळी यायचे होते. मी त्यांच्या आधी गेलो. नारिंगी डबा घेऊन. पाच मिनिटांचं काम होतं." त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. "चौकशीत लिहिलं, फिटरने निष्काळजीपणे चुकीचा पाइप खोलला. त्याला काढला. मला त्या वर्षी परमनंट केलं."

"आणि हा पट?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"पट त्याच्यानंतर केला," काका म्हणाले. "वाटलं, दर रविवारी कोणीतरी विचारत राहिलं तर एक दिवस तोंडातून निघेल. पण मी खेळातच हुशार झालो. कोणालाच ढकलत नव्हतो. थांबत थांबत पोचायचो, आणि तिला सांगायचो, बग, माज्याकडे एक पण खडा नाय."

पुढच्या रविवारी ते उस्मानकडे जायला निघाले. काकू म्हणाल्या, "एकट्याला मी सोडणार नाही." नवऱ्याची शिफ्ट होती, म्हणून सोबत मी गेले. एसटीने पनवेल, तिथून उरण, आणि पुढे खाडीच्या बांधावरून चालत. उस्मानचं घर दिसल्यावर काका म्हणाले, "दाराला रंग चांगला दिलाय."

उस्मानभाई अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, सुई उजव्या हातात. काकांना बघून त्यांचा चेहरा फुलला. "गमरे! बस ना, उभा काय रवलास?" बायकोला त्यांनी सरबत करायला सांगितलं. काका बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. ताप, शिडी, हिरवा पट्टा, सकाळचा नारिंगी डबा. मधे कुठे रडले नाहीत, कारणं दिली नाहीत.

उस्मानभाईंनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तो हिरवाच होता?"

"हिरवाच."

"परत सांग."

"हिरवाच होता, उस्मान. तू बरोबर बघितलंस."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "सात वरसं मी मलाच इचारतोय, की मी नीट बघितला का नाय. बायको म्हणाली डोळे तपास. तपासले. डॉक्टर म्हणाला नंबर नाय. तरी मी हट्टाने हा लावून घेतला." मग काकांकडे बघून अगदी हळू म्हणाले, "हात गेला तो गेला, गमरे. हात मशीन पण घेते. पण तू माझे डोळे खोटे केलेस."

सरबत आलं होतं. ते कोणी घेतलं नाही. काकांनी हात जोडले, तेव्हा उस्मानभाई म्हणाले, "माफीचं आज नाय सांगत. निघा आता, एसटी चुकेल."

परतताना मला वाटलं होतं काका कोसळतील. पण ते म्हणाले, "बरोबर केलं त्याने. खडा लगेच घेतला असता तर मला वाटलं असतं, हलका होता."

मंगळवारी त्यांनी कारखान्यात लेखी दिलं. साहेब म्हणाले, जुनं प्रकरण आहे, कशाला? युनियनवाले चिडले. माझा नवराही चिडला. "काका, कशाला उकरताय? त्याला नोकरी थोडीच परत मिळणार?"

"उकरत नाय रे," काका म्हणाले, "पुसतोय."

वर्षभर ते अर्ज करत राहिले. शेवटी उस्मानभाईंच्या घरी कारखान्याचं एक पत्र गेलं: अपघातात त्यांचा दोष नव्हता. तीनच ओळींचं. काकांना कामावरून कमी केलं. त्यानंतर वाशीच्या नव्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी घर चालवलं. शिडीवर चढायच्या आधी ते दर वेळी डब्याचं झाकण उघडून मालकाला दाखवायचे आणि विचारायचे, "हाच रंग ना?" लोकांना वाटायचं म्हाताऱ्याची सवय असेल.

पत्र मिळाल्यावर काही महिन्यांनी एका दुपारी उस्मानभाई आमच्या ओळीत आले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "तुझा तो खेळ दाखव." काकांनी नियम सांगितले. उस्मानभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे या बाईच्या हातात काहीच नाय?"

"काहीच नाय."

"मग बसवलीस कशाला?"

"विचारायला कोणीतरी पायजे ना."

त्या दिवशी ते खेळले. पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिले. कधी बोंबील घेऊन, कधी रिकाम्या हाताने. त्या गोष्टीबद्दल दोघांना परत बोलताना मी ऐकलं नाही.

काका गेले ते असेच एका पाटीचं काम अर्धं ठेवून. घरी जेवायला आले, आडवे झाले, ते उठले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ओट्यावर माणसं मावत नव्हती. भन्तेजींचं बोलून झालं, लोक पांगू लागले. उस्मानभाई मात्र काकूंसमोर खुर्ची घेऊन बसून राहिले. मी चहाचे कप गोळा करत होते. काकूंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "उस्मानभाई, ते गेले आता. मला तरी सांगा. केलंत का त्यांना माफ?"

उस्मानभाईंनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

"खरं सांगू, वैनी? हात दुखतो त्या दिवशी नाय होत. बाकीच्या दिवशी होतं."

काकूंनी त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एवढं त्यांना पुष्कळ झालं असतं."