आतून आलेलं कारण

चहा समोर आला तरी आमचे शेजारी सर कप उचलत नसत. "मनातून वाटते म्हणून देता, का रीत म्हणून?" असं आधी विचारत. उत्तर मिळेपर्यंत चहावर साय धरायची. असा शेजारी तुम्हालाही लाभला असेल, तर माझा वैताग समजेल.

दिग्रसच्या एका कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवत. माणूस कशामुळे कामाला लागतो, हा त्यांचा आवडता भाग. बक्षिसासाठी राबणारा बक्षीस संपलं की थांबतो, ओढ आतून हवी, हा सिद्धांत ते वर्गात शिकवत. अडचण ही की, वर्गाबाहेरही पाळत.

आमच्याकडे बारावीचा निकाल लागला की प्राध्यापक विद्यार्थी शोधत गावोगाव फिरतात. मुलं मिळाली नाहीत तर विषय बंद, प्राध्यापक अतिरिक्त: घरी बसा, नाहीतर पाठवतील त्या कॉलेजात जा. त्या वर्षी मानसशास्त्रावर ती वेळ आली होती. मी पेपरचा वार्ताहर. बातमी मिळेल म्हणून त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसलो.

पहिल्याच घरी मुलीचे वडील म्हणाले, "ते दुसऱ्या कॉलेजचे सर जाण्यायेण्याले गाडी देऊन राह्यले. तुमचं काय?"

"काहीच नाही."

"मंग आले कायले?"

"पोरीले विचारायले." ते मुलीकडे वळले. "मानसशास्त्र काहून पाहिजे तुले?"

"माह्या मैत्रिणीनं घेतलं, म्हणून."

"हे बाहेरचं कारण झालं, बाई. चार दिवस विचार कर. नाव मंग लिहू."

वाटेत मी म्हणालो, "सर, नोकरी तुमची जाणार आहे, तिची नाही."

"गाडी दाखवून पोरं आणली, तर वर्गात कोणत्या तोंडानं शिकवू?"

बोलणं खरं होतं. माझी चिडचिड त्याचीच आहे.

चार दिवसांनी गेलो, तर मुलीचा प्रवेश दुसरीकडे झालेला. "विचार केला सर," ती म्हणाली. "मैत्रीणबी तिकडंच गेली."

पहिल्या वर्षाला कोणी आलं नाही. त्यांची रवानगी वणीकडच्या एका कॉलेजात झाली. शेवटच्या वर्षाच्या तीन मुली उरल्या होत्या. त्यांनी घरी वाचून परीक्षा द्यावी, असं ठरलं.

ते रविवारी एस.टी.ने येऊ लागले. सुटीच्या दिवशी कॉलेजची खोली उघडत नव्हती, म्हणून वर्ग बाहेरच्या पायऱ्यांवर. ऊन सरकलं की चौघंही सरकत. मी बातमी करतो म्हणालो, तर म्हणाले, "छापू नका. पोरी कौतुकासाठी येऊ लागतील."

परीक्षा झाली. पुढच्या रविवारी मी कॉलेजवरून जात होतो. तिघी मुली पायरीवर पुस्तक उघडून बसल्या होत्या.

"पेपर तर संपले ना?" मी विचारलं.

"हो. तो शेवटचा भाग राह्यला होता, परीक्षेले नव्हता."

सर वणीहून ज्यांनी येत, त्या यवतमाळकडच्या दोन्ही गाड्या येऊन गेल्या. सर आले नाहीत. पेपर संपले, तसा त्यांच्या लेखी वर्गही संपला असावा.