कमलाताईचा खालचा सूर

माझी मोठी जाऊ कमला हिला मी पंचवीस वर्षं ओळखते आणि त्यातली बावीस वर्षं मला तिचा राग आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल इंदू पाठीमागे बोलते. मी तोंडावरही बोलते.

या हिंदी मुलखातल्या शहरात, बूढापारा मोहल्ल्यात, आमच्या घराचे दोन भाग आहेत. एकात ती आणि थोरले दीर गुलाबराव, दुसऱ्यात आम्ही. मधे एका विटेची भिंत. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला, की दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला त्या भिंतीपलीकडे नाताळ सुरू होतो. बाई कणीक मळत गाते. गाते तर गाऊ दे, तुझं काय जातं, असं म्हणणाऱ्याने एकदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसावं. ते गाणं चढायला हवं तिथे चढत नाही, एकाच सुरावर घोटाळत राहतं, मधेच गप्प होतं आणि भलत्याच जागी जाऊन संपतं.

"ताई, काय गाऊन राहिली तू हे?" लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं.

"खालचा सूर आहे हा. खरी चाल बाकीच्या बाया वरून गातात, आम्ही दोघी खालून जातो. सगळ्या मिळून गायल्या की बरोबर लागते."

बेसुऱ्या माणसाला याहून सोयीचं कारण कुठे मिळणार! कमलाताईला गाता येत नाही, हे मी तेव्हाच मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं.

बाई गोंदियाची, आमच्यासारखीच बौद्ध. घरात सात पिढ्यांत कोणी ख्रिश्चन नाही. मिशनच्या एका शाळेत लायब्ररीत पुस्तकं लावायची तिला नोकरी होती. एका वर्षी नाताळच्या कार्यक्रमात ओळीत एक बाई कमी पडली आणि तिथले गाणं शिकवणारे मसीह सर हिला उभं करून बसले. तिचा आवाज मुळात जाड. सरांना तेवढंच हवं होतं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं तिचा डिसेंबर आमच्या घरात नसतो. एका कार्यक्रमात गाते आणि गावातले बाकीचे सगळे जाऊन पाहते. कॉलेजचा, रेल्वेवाल्यांचा, अगदी नर्सरीच्या पोरांचाही. पहिल्या रांगेत बसते आणि मग कोणत्या परीचा पंख गळून पडला ते तीन दिवस सांगत राहते. यंदा उन्हाळ्यात रिटायर झाली. मला वाटलं सुटलो. पण सरांनी हिला गाण्यात ठेवलंच.

आता रागाचं कारण. बावीस वर्षांपूर्वी तेवीस डिसेंबरला माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. नवरा सिलतऱ्याला प्लांटमध्ये ड्युटीवर. कमलाताईने मला दवाखान्यात नेलं, थर्मास उशाशी ठेवला आणि पाच वाजता म्हणाली, "नर्स म्हणते वेळ आहे. मी गाऊन येतो लवकर." सात वाजता माझी चेतना जन्मली. नऊ वाजता बाई परत आली, गळ्यात लाल पट्टी, हातात कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा. मी तो केक खाल्ला नाही. त्या दोन तासांत मी किती घाबरले होते ते तिने आजवर विचारलेलं नाही.

आणि चेतना कोणाची झाली? हिचीच. "बड़ी मम्मी का प्रोग्राम है" म्हणत लहानपणापासून तिच्या मागे मागे.

यंदा गुलाबराव विहार समितीच्या अध्यक्षपदासाठी उभे होते. मी महिला मंडळात सहज बोलून गेले, की पौर्णिमेला विहारात नेसायची पांढरी साडीच आमची जाऊ येशूच्या गाण्यालाही नेसते. सहज म्हणजे काय, मला माहीत होतं ते कुठे पोचेल. आठ दिवसांत विरोधी गटाच्या तोंडी एकच वाक्य होतं, की ज्याला घर सांभाळता येत नाही तो समाज काय सांभाळणार.

गुलाबराव जेवणाच्या ताटावरूनच ओरडले. भिंतीतून मला शब्द न् शब्द आला.

"यंदा नाही जायचं. लोकं थुंकून राहिले माझ्या तोंडावर!"

"मी वंदना चुकवली काय कधी?" कमलाताईचा आवाज. "तिथं मी गायला जातो, धर्म बदलायला नाही. नोकरी गेली, आता तेवढंच आहे माझ्याजवळ. जाणार मी."

"मग परत नको येऊ."

त्यानंतर अठरा दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ती एकटी जेवायची आणि पहाटे गायची, जरा हळू. मला वाईट वाटलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर नाही वाटलं. उलट कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती न्हायला गेली तेव्हा मी तिची निळी फाइल उचलली आणि आमच्या तांदळाच्या ड्रमात खाली दाबून टाकली. तिला सरगम वाचता येत नाही. शब्दांच्या डोक्यावर तिने स्वतःचे बाण काढलेले असतात, वर, खाली, थांब. त्या बाणांशिवाय ती उभी राहणार नाही, अशी माझी खात्री होती.

तिने सगळं घर उलटंपालटं केलं. माझ्या दारात आली, माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता परत गेली आणि पांढरी साडी नेसून रिकाम्या हाताने निघाली.

"मम्मी, आज तू भी चल," चेतना स्कूटी काढत म्हणाली. मी गेले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही तिची फजिती बघायला गेले, खोटं कशाला बोलू.

शाळेचा हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत. आधी बाकीची गाणी झाली, शेवटी मसीह सरांनी स्वतः बांधलेलं मेंढपाळांचं गाणं. हे ती दरवर्षी गाते. ते सुरू झालं आणि मी चेतनाला कोपर मारलं. "चुकीचं गाऊन राहिल्या ह्या!" वीसेक बाया कुठल्या कुठे चढत होत्या. मला माहीत असलेलं ते गाणंच नव्हतं. मग कान जरा सरावले आणि त्या सगळ्यांच्या खाली ते ऐकू आलं, माझ्या भिंतीतलं. बरोबर लागत होतं.

मधे एक जागा आहे, तिथे वरच्या बाया थांबतात आणि चार ओळी नुसता खालचा सूर चालतो. दुसरी खालची बाई यंदा मुलाकडे बंगलोरला गेलेली. कमलाताई एकटी. पहिली ओळ तिने गायली. दुसरीवर थांबली. तिचे हात फाइल धरल्यासारखे छातीशी वर आले आणि तसेच राहिले. सरांनी पेटीवर ती जागा पुन्हा वाजवली. ती समोर बघत उभी. मागे कोणीतरी हसलं. हेच बघायला मी आले होते.

आणि माझंच तोंड उघडलं. भर हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेतून, मी दुसरी ओळ म्हटली. कशी आली ते मला विचारू नका. पंचवीस वर्षं कुकरच्या शिट्ट्यांमधून ऐकलेली ओळ, थांबायची तिथे थांबली आणि वळायची तिथे वळली. चेतना माझ्याकडे बघतच राहिली. तिसऱ्या ओळीला कमलाताईने सूर धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. मला तिचा राग होता, त्या क्षणीही होता. तरी ती तिथे एकटी पडलेली मला बघवली नाही आणि याचा मला वेगळाच राग आला.

गुलाबरावांना सकाळी बातमी कळली, की त्यांच्या घरातली एक नाही, दोन बाया गायल्या. अध्यक्षपद हातचं गेलं. आता ते आमच्या दोघींशी बोलत नाहीत.

त्याच दिवशी दुपारी कमलाताई आमच्या स्वयंपाकघरात आली. सरळ तांदळाच्या ड्रमापाशी गेली, कोपरापर्यंत हात घातला आणि फाइल काढली. काल झाकण वाजलेलं भिंतीपलीकडे तिलाही ऐकू आलं असणार. पदराने पुसली.

"दवाखान्यात तुले सोडून गेलो होतो, त्याचं आहे ना हे?" ती म्हणाली.

मी होकाराची मान हलवली.

तिने पाट ओढला, माझ्यासमोर बसली आणि फाइल उघडून मधे ठेवली.

"बस इथं. दुसऱ्या ओळीत घाई करते तू."