जुनीच फाइल

धुळ्यात मी शिकवतो त्या कॉलेजात लॅबबाहेर चपला काढायची पद्धत अजून आहे. काल दार उघडलं, दमट मोज्यांचा वास आला आणि मी शिकत असतानाची जळगावची ती प्रॅक्टिकल परीक्षा आठवली.

शेजारच्या मशीनवर एरंडोलची वैशाली होती. या वेळी नापास झाली तर घरचे तिचं शिक्षण बंद करणार होते. गार फरशीवर पायांची बोटं आखडून ती लिनक्सवर सी प्रोग्रॅममधली चूक शोधत होती. चूक सापडली, तिने दुरुस्तही केली. पण दुरुस्ती लागू व्हायला प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करून नवी फाइल बनवावी लागते; ते न करता ती आधी तयार झालेली जुनीच फाइल चालवत राहिली. उत्तर तेच, चुकीचं. मग घाबरून ती बरोबर ओळीही खोडू लागली.

"बठ्ठं बरोबर शे, मंग उत्तर काबरं चुकस?" माझ्याकडे बघत ती अहिराणीत पुटपुटली; सगळं बरोबर असून उत्तर का चुकतंय, तिला कळेना.

मला सगळं दिसत होतं. परीक्षकही चहाला गेले होते. पण माझा प्रोग्रॅम चालला होता ना! मी मान खाली घातली.

पुढच्या सत्रात तिच्या मशीनवर दुसरंच कुणी होतं.

आता वर्गात रोज ओरडतो, "आधी कंपाइल करा रे!" मुलं हसतात. तेव्हा नुसतं कुजबुजलो असतो तरी पुरलं असतं.