वर्नची चिठ्ठी

वर्न टुली अनाथाश्रमात वाढला. एकोणिसाव्या वर्षी त्याला मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीत काम मिळालं. पहिल्या दिवशी हातांना फोड आले होते म्हणे, पण ते तो कधी सांगायचा नाही. सांगायचा ते एवढंच, की संध्याकाळी लांब टेबलावर त्याच्यासाठीही एक ताट मांडलेलं होतं.

मी नोलीन. तेवीस वर्षं या टोळीला रांधून घालते, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात. एका शेडमधली कातरणी संपली की ट्रकमध्ये गाठोडी टाकायची आणि पुढची गाठायची. रांगेने खाटा, एक टेबल, एकच न्हाणीघर आणि त्यावरून रोजची भांडणं. हंगाम नसला की वर्न गावात भाड्याच्या खोलीत राहायचा आणि मला पत्रं लिहायचा. त्यांत एकच प्रश्न असायचा, पुढची शेड कधी?

साठीला त्याची कंबर गेली. टोळीच्या बॉसने बजावलं, "सोमवारी दिवसभर उभा राहिला नाहीस, तर दुसरा माणूस आणतो." काम गेलं की खाट जाणार आणि टेबलावरची जागाही.

सोमवारी पहाटे पावसाचा शिडकावा झाला. ओल्या मेंढ्या कातरल्या की सांधे धरतात. म्हणून शंका आली तर प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या आणि गुपचूप चिठ्ठी टाकायची. बहुमताने 'ओल्या' ठरल्या तर त्या दिवशी काम नाही आणि मजुरीही नाही. त्यापुढे बॉसचंही चालत नाही. पण या मेंढ्या रात्रभर छपराखाली होत्या. तरी आमचा सगळ्यांत चपळ गडी हेमी म्हणाला, "चिठ्ठ्या टाकू."

मला मत नाही, म्हणून चिठ्ठ्या मीच उघडते. पाच होत्या. "ओल्या. ओल्या. कोरड्या. ओल्या. ओल्या."

कोरड्या कोणी लिहिलं ते सांगायची गरज नव्हती. वर्नने चिठ्ठीवर कधी खोटं लिहिलं नव्हतं. त्याने जवळच्या मेंढीच्या लोकरीत बोटं खुपसली. "अरे, ठणठणीत कोरड्या आहेत!"

"चारास एक," हेमी म्हणाला. "जा म्हातारबा, पाठ टेकव."

"माझ्यासाठी खोटं लिहायला लाज नाही वाटत?"

"वाटते. मग?"

मला भरून आलं. म्हणून मी सगळ्यांना चिखलाच्या बुटांवरून झाडलं.

मंगळवारी लख्ख ऊन पडलं. हेमीने पुन्हा तोंड उघडलं, तसा वर्नने हात वर केला. "नको रे. तुम्हाला पोरंबाळं आहेत." चहाच्या घंटेपर्यंत त्याने दात आवळून कातरलं. शेवटच्या मेंढीला एक ओरखडासुद्धा नव्हता. मग त्याने कातरायचं मशीन बंद केलं, पुसलं, तेल दिलं आणि हेमीच्या हातात ठेवलं.

"बॉस, बोलाव तुझा माणूस."

मी तिथेच बॉसला गाठलं. "माझे गुडघे गेलेत. हाताखाली माणूस हवा, आणि त्याला झोपायला खाट हवी."

"याला अंडं तरी उकडता येतं का?"

"तुला कातरता येत नाही, तरी बॉस आहेसच की!"

सगळे हसले. बॉस काहीतरी पुटपुटत निघून गेला, पण नाही म्हणाला नाही.

वर्नने बटाटे असे सोलले की साल जाड आणि बटाटा बारीक. मी यथेच्छ ओरडले. संध्याकाळी नवा माणूस आला. टेबल वर्ननेच मांडलं. सगळे बसले आणि मी ताटं मोजली. एक कमी होतं. नव्या माणसाचं त्याने मांडलं होतं, माझंही मांडलं होतं. स्वतःला मात्र त्याने मोजलंच नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या दाराशी हात पुसत उभा होता.

हेमी उठला, मांडणीवरून एक ताट घेतलं आणि वर्नच्या नेहमीच्या जागी ठेवलं. शेजारच्याला कोपराने सरकवलं.

"बस. मटण गार होतंय."

वर्न बसला. त्याने ताट जवळ ओढलं.