खाजणातली राख

कुजलेल्या पानांचा, मिठाचा आणि कुठेतरी गंजलेल्या लोखंडाचा असा तो वास होता. सोलापूरच्या कोरड्या, पांढुरक्या उन्हात तो किती परका वाटला! धाकट्या भावाने बाटलीचे बूच काढले आणि कोकणच्या खाडीतला काळाभोर चिखल आमच्या ओसरीवर येऊन बसला. भाऊ तिकडच्या खाजणांत, भरतीच्या दलदलीतल्या तिवरांच्या झाडीत, संशोधन करीत होता. घरात त्याला सारे तम्मा म्हणत; आमची आई, अव्वा, मैंदर्गीची, तिच्या कानडीतला धाकट्या भावासाठीचा तो शब्द.

"असली घाण हुंगायला एवढं शिकलास व्हय रे?" अव्वाने पदर नाकाला लावला.

"अव्वा, तुझ्या आजीच्या वेळची पानं हायत की ह्यात. अजून पुरती कुजली न्हाईत."

"माझी आजी कवा गेलती समुद्रावर?"

तम्मा खळखळून हसला. मग मला समजावत बसला. तिवर हवेतला कर्ब घेतो, त्याची पाने गळतात, भरतीचा गाळ त्यांवर थरावर थर चढवतो. त्या गुदमरलेल्या अंधारात पानांना धड कुजताही येत नाही. चिखलात असा कर्बाचा साठा किती, हे काढायची रीत मात्र साधी. वाळवलेला चिखल तोलायचा, भट्टीत जाळायचा, उरलेली राख पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे जळून गेलेली पाने-मुळे. उरते ते नव्हे, गेलेलेच मोजायचे! तेव्हा मला ते केवळ शास्त्र वाटले.

सर्वांत खोल थराची राख तेवढी तोलायची राहिली होती. त्याच्या प्रयोगशाळेतला तराजू बिघडला, म्हणून ती पत्र्याच्या डबीत घालून तो सुट्टीत घरी घेऊन आला. मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, तिथला तराजू चांगला आहे. सोमवारी जाऊ, असे ठरले. रविवारी त्याचे डोळे पिवळे दिसले. काविळीने आठ दिवसांत सारे संपवले.

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. गेलेल्या माणसाची राख आमच्या घरांना ठाऊक नाही. घरातली राख म्हणजे विभूतीच.

महिन्याभराने त्याच्या मार्गदर्शकांचे पत्र आले. प्रबंध त्याच्या नावाने पुरा करून छापायचा होता. शेवटच्या राखेचे वजन तेवढे हवे होते. त्या थराचा दुसरा नमुना नव्हता. मी तम्माची पेटी उपसली, कपाट उपसले. डबी सापडली ती देव्हाऱ्यात, लिंगाशेजारी. अर्धीअधिक रिकामी.

"तम्मानं कुठल्या देवाची आणली ठाव न्हाई," अव्वा म्हणाली. "रोज लावते. जरा खरखरीत हाय."

काय करावे माणसाने? बाकीच्या थरांचे आकडे वहीत होते. त्यांच्या अंदाजाने एक आकडा लिहिला असता, तर कुणाला कळणार होते? आणि अव्वाला काही कळायचे कारणच उरले नसते. मी पेनाचे टोपण काढलेही. पण त्या वहीत तम्माने एके ठिकाणी स्वतःचाच आकडा खोडून बाजूला लिहिले होते, 'हात थरथरला, पुन्हा तोलले.' त्या अक्षरांच्या खाली खोटे लिहिणे मला जमेना.

मी अव्वाला सगळे सांगितले. ती कपाळाला बोट लावून म्हणाली, "आन् हितं लावलं ते कसं धरायचं रे वजनात?"

तिने डबीचे झाकण घट्ट लावले आणि ती माझ्यापुढे ठेवली. "घिऊन जा. त्याचं काम हाय ते."

मी पत्र लिहिले: घरातल्या चुकीने राख सांडली, तो रकाना रिकामा ठेवावा. 'सांडली' एवढेच खोटे. डबी पुन्हा देव्हाऱ्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर अव्वाने मला हाक मारली. कॉलेजात शिकायला गेल्यापासून मी विभूती लावली नव्हती. ती तीन बोटे डबीत बुडवून थांबली. मी मान खाली केली. राख थंड होती, आणि वाळूचे बारीक कण कपाळाला टोचत होते.